सेटिंग कोणी केली?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. काळ्या पत्र्याची पेटी, पुढे एक गोल बटण आणि डाव्या बाजूला एक पोचा. माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. बारा वर्षांपूर्वी रायपूरच्या गुढियारीत भैय्यालाल नावाच्या दुकानदारानं एकेक भाग निवडून मला एका दुपारी जोडलं. मदरबोर्ड निवडताना तो जरा थांबला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "भैया, थोड़ा अच्छा वाला डाल रहा हूँ. लंबा चलेगा." पहिल्याच दिवशी आपल्याबद्दल कुणी असं बोललं, की ते खोटं पडू नये असं वाटत राहतं. मलाही वाटलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे नरहर. मूळचे गोंदियाकडचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून जन्म काढलेले. मुलगा आशय इंजिनिअरिंगला लागला म्हणून निवृत्तीच्या पैशातून त्यांनी मला घेतलं. आशयहून सहा वर्षांनी मोठी मुलगी, मीनल, घरीच असायची. आईच्या आजारपणात तिनं बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. आई गेली, पण कॉलेज परत सुरू झालं नाही. ते का झालं नाही, असं त्या घरात कुणी विचारल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मला टेबलावर ठेवलं तेव्हा नरहर म्हणाले, "मीनल, याले हात नको लावू. आशयच्या अभ्यासाचं आहे."

ती म्हणाली, "धूळ तं पुसू द्याल ना?"

चार वर्षं तिनं माझी धूळ पुसली आणि आशयनं मला वापरलं. त्यानं थोडा अभ्यास केला, पुष्कळ खेळ खेळले आणि चिडला की तो माझ्या पेटीवर लाथ मारायचा. पोचा तिथूनच आला. पुढे त्याला नोकरी लागली, लॅपटॉप आला, तेलीबांध्याला तलावाकडचा फ्लॅट आला, लग्न झालं. मी गुढियारीतच राहिलो. मीनलनं एका जुन्या पडद्याची खोळ शिवून माझ्यावर घातली.

दोन वर्षांनी, एका दुपारी, तिनंच ती खोळ काढली आणि बटण दाबलं. कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं कुणाला विचारलंही नाही. आधी दोन बोटांनी, मग दहा बोटांनी ती टाइप करायला शिकली. फॉर्म भरायला शिकली. वर्षाभरात तिनं एका एजन्सीकडून सेवा केंद्राची मान्यता मिळवली, अंगठ्याचा ठसा घेणारं लहानसं यंत्र माझ्या पाठीला जोडलं आणि पुढच्या खोलीच्या दारावर पाटी लावली. पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका येऊ लागल्या. दुसऱ्या केंद्रांवर त्यांच्यावर डाफरत. इथे बसायला स्टूल मिळे आणि मीनल कागद वाचून दाखवी.

शांताबाई नावाची एक म्हातारी पेन्शनचे पैसे काढायला दर वेळी पहिल्या नंबरला असायची. चार घरची भांडी घासून तिच्या अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. ठसा उमटेना की ती घाबरायची. मीनल तिचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसायची, जरा चोळायची आणि पुन्हा ठेवायला सांगायची. पाचव्या-सहाव्या वेळी ठसा लागला की म्हातारी छत्तीसगढीत ओरडायची, "लग गे नोनी, लग गे!" लागला गं पोरी, लागला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते. चार वर्षं होते. तेव्हा ते चांगले आहेत हे कळलं नव्हतं, एवढंच.

मग मागच्या वर्षी एजन्सीचा निरोप आला. माझ्यात जी ऑपरेटिंग सिस्टीम चालत होती तिची मुदत संपत आली होती. त्या तारखेनंतर ठशाचं यंत्र फक्त नव्या सिस्टीमवर चालणार होतं. मीनलनं तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. माझ्याच पडद्यावर माझ्याबद्दल लिहून आलं, की हा संगणक नवी सिस्टीम चालवण्यास पात्र नाही.

मी थकलो नव्हतो. आदल्याच दिवशी मी पन्नास जणांचं काम केलं होतं. तरी मी अपात्र.

मीनलनं आशयला फोन लावला. स्पीकर चालू होता. तो मराठी समजायचा, पण बोलायचा हिंदीच.

"दीदी, उस डब्बे को अब फेंक दो ना."

"फेकून दिलं तं केंद्र कशावर चालवू? तू येऊन पाहून तं जा एकदा."

"उसमें देखने का कुछ है ही नहीं. प्रोसेसर पुराना है, बात खतम. मेरा पुराना लैपटॉप भेजता हूँ किसी के हाथ."

तो लॅपटॉप कधी आला नाही. मीनलनं दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा नाही दिली. ती भैय्यालालकडे गेली. त्याचं संगणकाचं दुकान केव्हाच बंद पडलं होतं, तो आता मोबाइलची कव्हरं विकायचा. पण माझा बोर्ड त्याला आठवला. घरी येऊन त्यानं माझी बाजू उघडली, आत डोकावला आणि म्हणाला, "दीदी, नया सिस्टम सुरक्षा वाली चिप माँगता है. इसमें अलग से चिप नहीं है, पर प्रोसेसर के अंदर से वही काम हो जाता है. सेटिंग में बंद पड़ा रहता है, चालू करना पड़ेगा. आगे का मेरे को नहीं आता."

पुढचं मीनलनं शोधलं. आठवडाभर ती वाचत होती, व्हिडिओ थांबवून थांबवून पाहत होती. मग दारावर 'तीन दिवस बंद' असं लिहिलं आणि शाळेच्या वहीसारखी एक रेघी वही घेऊन माझ्यापुढे बसली. नरहर मागे दिवाणावर होते. गुडघ्यांमुळे त्यांचा सगळा दिवस तिथेच जायचा.

पहिल्या दिवशी तिनं काहीच बदललं नाही. सगळी कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. मग मी सुरू होता होता एक बटण दाबून तिनं माझी आतली सेटिंग उघडली. भैय्यालालनंतर तिथे कुणी आलं नव्हतं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून तिनं डावीकडे 'आधी काय होतं' आणि उजवीकडे 'मी काय केलं' असं लिहिलं. डावी बाजू भरायला सगळी दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुरक्षेचं ते बंद दार उघडलं आणि मला सुरू होण्याची नवी पद्धत लावली. चूक इथे झाली. माझी डिस्क जुन्या पद्धतीनं आखलेली होती, ती आधी बदलायला हवी होती. पडदा काळा झाला. साधी रेघसुद्धा उमटेना. मीनलचे हात मांडीवर तसेच राहिले.

दिवाणावरून नरहर म्हणाले, "सोड ना आता. काहून जीव काढून राहिली? आशयले बलाव."

"बलावलं होतं, बाबा. तो येत नाही."

तिनं प्लग काढला, माझी बाजू उघडली आणि आतली नाण्याएवढी बॅटरी नखानं उचकटून बाहेर काढली. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली. बॅटरी परत बसवली. मी जागा झालो तेव्हा सगळं विसरलो होतो. मला वाटलं, माझ्या जन्मसालचा एक जानेवारी आहे. मीनल ती तारीख पाहून हसली. "बारा वर्षं मागं गेला हा," ती नरहरांना म्हणाली, "याच्यासोबत मलेही नेलं असतं तं बरं झालं असतं." तिनं तारीख नीट केली, डिस्क आधी बदलली, मग पद्धत बदलली आणि चूक कुठे झाली तेही उजवीकडे लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सगळं जुळलं, तरी नव्या सिस्टीमनं मला आत येऊ दिलं नाही. माझा प्रोसेसर तिच्या यादीत नव्हता. ते काही सेटिंगनं बदलत नाही. पण सिस्टीमच्या आत एक लहानशी नोंद घालता येते. तिचा अर्थ एवढाच, की या संगणकाचं वय तपासू नकोस. ती नोंद घातली की पडद्यावर इशारा येतो: काही बिघडलं तर जबाबदारी तुमची. मीनलनं तो इशारा दोनदा वाचला, वहीत उतरवला आणि पुढे जाण्याचं बटण दाबलं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास मी नव्या सिस्टीमवर सुरू झालो. ठशाचं यंत्र लावलं, त्याचा हिरवा दिवा लागला. मीनल खुर्चीत मागे रेलली.

शेजारच्या एका गृहस्थांनी दारातून विचारलं, "झालं का चालू? कोणी करून देल्लं?"

नरहर दिवाणावरून म्हणाले, "आमच्या आशयनं सांगतलं होतं फोनवर. तसं केलं इनं."

मीनलनं वही मिटली.

बातमी मात्र खरी पसरली. गुढियारीतले दुसरे केंद्रवाले आपापले संगणक घेऊन तिच्याकडे येऊ लागले. तिनं अकरा संगणक सुरू करून दिले. प्रत्येकासाठी वहीत वेगळं पान होतं: सेटिंग उघडायचं बटण कोणतं, काय बंद होतं, काय चालू केलं. जे संगणक माझ्याहूनही जुने होते त्यांच्या पानावर ती लाल शाईनं लिहायची, 'वर्षातलं मोठं अपडेट घ्यायचं नाही. घेतलं तर मशीन उठणार नाही.' त्यांच्या प्रोसेसरला एक आज्ञा येतच नव्हती आणि मोठ्या अपडेटला ती लागत होती.

ही बातमी आशयपर्यंत गेली. तो एका रविवारी आला, सहा महिन्यांनी. चौबे कॉलनीत त्याच्या ओळखीच्या मराठी मंडळींचं एक वाचनालय होतं. तिथे मुलींना अर्ज भरायला आणि अभ्यासाला बारा जुने संगणक होते, तेही आता अपात्र ठरले होते. वाचनालयाचे अध्यक्ष यशवंतराव, निवृत्त अधिकारी. आशयनं त्यांना सांगितलं होतं, मी करून देतो.

"दीदी, दो-चार दिन का काम है. तुम आ जाना, मैं भी रहूँगा."

मीनल नऊ दिवस गेली. आशय पहिल्या दिवशी तासभर होता. निघताना त्यानं वहीच्या काही पानांचे फोटो काढून घेतले. लाल शाईची पानं त्यात नव्हती, असं मीनल नंतर म्हणाली.

पुढच्या महिन्यात वाचनालयाचा कार्यक्रम झाला. त्याचा व्हिडिओ मीनलनं माझ्यावरच लावला आणि नरहर खुर्ची ओढून पुढे येऊन बसले. आशयच्या खांद्यावर शाल होती. त्या दिवशी तो मराठीत बोलला, कागदावर लिहून आणलेलं. बारा संगणकांना आपण कसं जीवदान दिलं, एकेक सेटिंग कशी शोधून काढली. शेवटी म्हणाला, "माझी बहीण मीनल हिनं मला या काळात चहापाण्यापासून सगळी साथ दिली, तिचेही आभार." टाळ्या वाजल्या. माझ्या स्पीकरमधून त्या टाळ्या मीच ऐकवल्या, मित्रांनो. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

नरहरांनी डोळे पुसले. "पुन्हा लाव ना," ते म्हणाले.

मीनलनं पुन्हा लावला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दोन महिन्यांनी वाचनालयात कुणी पाहुणे यायचे होते. सगळं ताजं दिसावं म्हणून आशयनं आदल्या दिवशी बाराही संगणकांवर अपडेटचं बटण दाबलं. त्यांतले पाच, माझ्याहूनही जुने, उठलेच नाहीत. नेमका प्रवेश परीक्षेच्या अर्जांचा शेवटचा आठवडा होता. मुलींनी धावपळ करून इकडेतिकडे अर्ज भरले, तरी चौघींचे राहून गेले. वाचनालयाच्या मोबाइल ग्रुपवर पालकांनी विचारलं, हे कसं झालं? आशयनं तिथे लिहिलं, की सेटिंग बहिणीनं केली होती, तिच्या चुकीमुळे झालं, मी बघून घेतो.

तीन दिवसांनी यशवंतराव आणि आशय त्या पाचांतला एक संगणक गाडीत घालून आमच्याकडे आले. तो माझ्या शेजारी टेबलावर ठेवला. यशवंतराव सज्जन माणूस. ते मीनलला म्हणाले, "हे बघा, दोष द्यायला आलो नाही. मुलींचं नुकसान झालं, एवढंच. काय चुकलं ते कळलं तर बरं होईल."

मीनलनं वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी लाल शाईचं पान वाचलं. मग तिनं आशयकडे पाहिलं.

"तूनं केल्ले ना हे संगणक? शाल तं तुलेच देल्ली. उघड याची सेटिंग."

"दीदी, ये टाइम है क्या ये सब करने का?"

"उघड ना. एक बटण दाबायचं आहे."

आशय बसला. त्यानं संगणक सुरू केला आणि एक बटण दाबलं. काही झालं नाही. बंद करून पुन्हा सुरू केला, दुसरं दाबलं. तिसऱ्या वेळी तो सगळीच बटणं भराभर दाबू लागला. यशवंतरावांनी चष्मा काढून हातात घेतला. खोलीत फक्त आम्हा दोघांचे पंखे वाजत होते.

मीनल दिवाणाकडे वळली. "बाबा, तुम्ही तीन दिवस इथंच होते. तुमच्या डोळ्यांसमोर केलं मी. एवढंच सांगा या साहेबाले, कोणी केलं?"

नरहरांनी आशयकडे पाहिलं. मग जमिनीकडे. त्यांचे ओठ हलले, मी ते पाहिलं. आणि ते म्हणाले, "जाऊ दे ना मीनल. लहान भाऊ आहे तुझा. चार लोकांत त्याचं नाक काहून कापते?"

मीनलनं आशयला खुर्चीवरून उठवलं, बसली, बरोबर बटण दाबून सेटिंग उघडली, पेनड्राइव्ह लावला आणि अपडेटच्या आधीची सिस्टीम घालायला घेतली. दोन तास लागले. उरलेल्या चार संगणकांचं काय करायचं ते तिनं एका कागदावर लिहून यशवंतरावांच्या हातात दिलं. आशयच्या हातात दिलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, ठीक आहे. पण ग्रुपवर आशयनं लिहिलेलं तसंच होतं आणि ते फिरत फिरत सेवा केंद्राच्या एजन्सीपर्यंत गेलं. एजन्सीचा माणूस आला. त्यानं माझा फोटो काढला, प्रोसेसरचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, "मैडम, ये मशीन तो लिस्ट में ही नहीं है. और आपके खिलाफ शिकायत भी है." बाहेर स्टुलावर शांताबाई बसली होती. त्या दिवशी तिचा ठसा घ्यायचा राहिला. दुसऱ्या दिवशी मीनलचा केंद्र चालवण्याचा आयडी बंद झाला.

मीनलनं आशयला फोन केला. "ग्रुपवर एक ओळ लिही. सेटिंग बरोबर होती, अपडेट तूनं घेतलं. तेवढी ओळ मी एजन्सीले दाखवीन."

आशय म्हणाला, "देखता हूँ, दीदी."

तिनं पंधरा दिवस वाट पाहिली. मग दारावरची पाटी उतरवली. नागपूरला जुने संगणक दुरुस्त करून गावोगावच्या शाळांना देणारी एक संस्था होती. मीनलनं त्यांना वहीच्या पानांचे फोटो पाठवले. चार दिवसांत त्यांनी बोलावलं.

जायच्या आदल्या दिवशी तिनं नरहरांना विचारलं, "बाबा, ही मशीन कशी चालू करायची ते शिकवून देऊ का? तुमच्या कामी येईल."

"मले काय करायचं आहे? आशय आहे ना."

ती वही घेऊन गेली. नरहरांना तेलीबांध्याला न्यायचं ठरत होतं, पण आशयचा फ्लॅट लहान पडत होता. त्यांच्यासाठी डबा लावला आणि ते गुढियारीतच राहिले. मीही राहिलो.

आता नोव्हेंबर आहे. पेन्शन घेणाऱ्यांनी या महिन्यात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. नरहरांचा दाखला दर वर्षी मीनल माझ्यावरच काढायची. त्यांना कळायच्या आत त्यांचा अंगठा त्या यंत्रावर ठेवून मोकळी व्हायची. तिचा आयडी गेला, तरी हा दाखला घरच्या घरी काढता येतो. नरहरांनी आशयला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, संडे को देखता हूँ." तीन रविवार गेले.

काल नरहर दिवाणावरून उठले, भिंतीला धरत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी बटण दाबलं. मी लगेच सुरू झालो. पडद्यावर मीनलचं नाव आलं आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. ते नाव त्यांनी वाचलं. मग एका बोटानं, अक्षरं शोधत, चौकटीत आशयचं नाव टाइप केलं. मी उघडलो नाही. बायकोचं नाव घातलं. स्वतःचं घातलं. मग फोन हातात घेऊन ते खूप वेळ बसले. मीनलचा नंबर त्यांनी काढला होता, मला दिसत होता. पण तो लावला, तर पासवर्ड विचारायच्या आधी, यशवंतरावांसमोर न बोललेलं ते एक वाक्य बोलावं लागणार होतं, आणि ते त्यांना काल तरी जमलं नाही. त्यांनी फोन खाली ठेवला आणि भिंतीवरचा खटका बंद केला. मी मधूनच विझलो.

मित्रांनो, यंत्रं जपा असं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. जुन्या यंत्रानं तेच सांगायला हवं. पण मला जपणारी होती, म्हणून माझी तक्रार नाही. मी दुसरंच काही मागतो. तुमच्या घरात एखादं अवघड काम कुणीतरी मुकाट्यानं करत असेल, तर ते करणारे हात कुणाचे आहेत ते नीट पाहून ठेवा. आणि चार माणसांत कुणी विचारलं, 'हे कोणी केलं?', तर नाव तिथेच, त्याच वेळी घ्या. मला तोंड नव्हतं म्हणून मी गप्प राहिलो. तुम्हाला तोंड आहे.